टुडू डॉट टीएक्सटी: मराठीतून आणि जीएसटीच्या कामाला वापरून बघितलेलं

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईवाले मोकळे. टुडू डॉट टीएक्सटी ही कामांची यादी ठेवायची पद्धत फुकट आहे, नेट नसलं तरी चालते, जुन्यात जुन्या कॉम्प्युटरवर चालते, आणि जो माणूस रोज सकाळी स्वतःहून यादी उघडून बसतो त्याच्यासाठी याच्यापेक्षा बरं काही मला तरी सापडलेलं नाही. पण ज्याला फोन वाजल्याशिवाय काम आठवतच नाही त्याने याच्या वाटेला जाऊ नये. ही फाईल वाजत नाही, लाल ठिपका दाखवत नाही, काही नाही. तुम्ही उघडली तर बोलते, नाहीतर गप पडून असते.

मी नाशिकला छोट्या दुकानदारांची जीएसटी, टीडीएस आणि इन्कमटॅक्सची कामं करतो. मेडिकलवाले, किराणावाले, हार्डवेअरवाले, दोनतीन हाऊसिंग सोसायट्या. या धंद्यात महिनाच तारखांवर चालतो, ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर १ (म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न), १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी (म्हणजे जीएसटीआर ३बी, कर भरायचं रिटर्न), आणि जे तिमाहीवाले आहेत त्यांचं ३बी महाराष्ट्रात २२ ला. वरून ॲडव्हान्स टॅक्सचे चार हप्ते, सोसायट्यांची सभा ३० सप्टेंबरच्या आत, आणि या सगळ्याच्या मधे "साहेब जरा ते बँकेला बॅलन्सशीट पाहिजे होतं आजच्या आज" हे आहेच. म्हणजे यादी लागतेच, प्रश्न फक्त कशात ठेवायची एवढाच असतो.

ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीना ट्रपानी म्हणून बाई आहेत, लाइफहॅकर या साइटच्या संस्थापक संपादक, त्यांनी २००६ मध्ये हे चालू केलं. डोकं असं की कामांची यादी म्हणजे एक साधी टेक्स्ट फाईल, एका ओळीत एक काम, बास. ओळीच्या सुरुवातीला कंसात कॅपिटल ए, बी, सी असं टाकलं की ती प्रायॉरिटी. + लावून शब्द लिहिला की तो प्रोजेक्ट, @ लावून लिहिला की ते काम कुठे किंवा कशाने करायचं ते. काम झालं की ओळीच्या पुढे छोटा एक्स आणि एक स्पेस. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा. आणि जास्तीचं काही पाहिजे असेल तर ड्यू लिहून कोलन देऊन तारीख. माझ्या फाईलमधली एक ओळ अशी दिसते:

(ए) २०२५-०९-०१ मेडिकलचं ऑगस्टचं ३बी भरणे +मेडिकल @पोर्टल ड्यू:२०२५-०९-२०

इथे वाचायला बरं पडावं म्हणून सगळं देवनागरीत लिहिलंय, खऱ्या फाईलमध्ये तो ए, तो ड्यू आणि तारखेचे आकडे इंग्रजीतच लागतात, मराठी आकडे टाकले तर प्रोग्रामला ती तारीख आहे हे कळेलच याची खात्री नाही. बाकी कामाचं नाव, + नंतरचं, @ नंतरचं, सगळं मराठीत चालतं. फक्त टॅगमध्ये स्पेस नको, स्पेस आली की टॅग तिथेच संपतो, म्हणून "जुनं हार्डवेअर" असेल तर मधे आडवी रेघ द्यायची. एवढंच अख्खं व्याकरण आहे, चहा होईस्तोवर शिकून होतं.

आता कोणी म्हणेल एवढी चकचकीत ॲप्स फुकट मिळत असताना हा वनवास कशाला. तर त्याला कारण आहे. वंडरलिस्ट आठवतंय का? चांगलं चाललेलं, लोकांनी घरच्या किराण्यापासून ऑफिसपर्यंत सगळं त्यात भरलेलं, २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद. त्याच्या आधी ॲस्ट्रिड होतं, ते याहूने २०१३ मध्ये घेतलं आणि त्याच वर्षी कुलूप. कंपन्यांना मी दोष देत नाही, त्यांची दुकानं आहेत, चालवतील नाहीतर बंद करतील. पण आमच्या कामात जुनं रेकॉर्ड लागतं. तीन वर्षांपूर्वीची नोटीस आज येते आणि तेव्हा आपण काय केलं होतं हे बघायला लागतं. मी आधी ज्या ॲपवर होतो (नाव नको) त्यांनी एका अपडेटमध्ये झालेल्या कामांचा जुना इतिहास पैसे भरणाऱ्यांपुरता ठेवला. म्हणजे मीच टाइप केलेलं, मीच केलेलं काम, आणि ते बघायला मीच पैसे द्यायचे. तिथे माझं डोकं सटकलं.

टेक्स्ट फाईलला हा त्रासच नाही. नोटपॅडमध्ये उघडते, फोनवर उघडते, उद्या टुडू डॉट टीएक्सटी नावाचं सगळंच जगातून गायब झालं तरी फाईल माझ्या हार्डडिस्कवर आहे आणि मला वाचता येते. आकाराचं म्हणाल तर मराठी अक्षरांना यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं फाईलमध्ये साठवायची हल्लीची पद्धत) इंग्रजीच्या तिप्पट जागा लागते, तरी साठेक अक्षरांच्या हजार ओळी धरल्या तर १८० केबीच्या आसपास होतं. काकांनी सकाळी पाठवलेला गुलाबाचा गुड मॉर्निंग फोटो याच्यापेक्षा जड असतो.

आता मराठीत वापरताना जे होतं ते सांगतो, कारण हे मला कुठेच लिहिलेलं दिसलं नाही आणि माझा मुख्य मुद्दा इथेच आहे.

या फॉरमॅटची मोठी शिताफी अशी सांगतात की याला सॉफ्टवेअर पण लागत नाही, नुसतं अक्षरांच्या क्रमाने सॉर्ट केलं की झालं. कंस आधी येतो म्हणून प्रायॉरिटीवाली कामं वर जातात, आणि छोटा एक्स इंग्रजीत जवळजवळ शेवटी म्हणून झालेली कामं आपोआप तळाला. इंग्रजीत हे मस्त चालतं. आमच्या ऑफिसात एक ताई आहेत, त्या नोटपॅड++ मध्ये फाईल उघडतात आणि ओळी सॉर्ट करतात. त्यांनी एकदा हाक मारली, "सर, ही झालेली कामं मधेच का घुसलीत? राहिलेली सगळी खाली ढकललीत बघा." मी म्हटलं ताई तुमच्याकडून काहीतरी दाबलं गेलं असेल. त्या म्हणाल्या, "काही दाबलं नाही हो, तुम्ही करून बघा." करून बघितलं तर खरंच. वर कंसवाली, मग एक्सवाली झालेली, आणि त्याच्या खाली बिचारी राहिलेली मराठी कामं.

कारण समजलं की हसू येतं. कॉम्प्युटरच्या हिशेबात देवनागरी अक्षरं सगळ्या इंग्रजी अक्षरांच्या नंतर येतात. म्हणजे "अर्ज करणे" हे सुद्धा एक्सच्या खाली. ज्यांनी हे बनवलं त्यांच्या डोळ्यासमोर इंग्रजी यादी होती, त्यात चूक काही नाही, पण मराठीत यादी ठेवणाऱ्याला ती शिताफी उलटी पडते. उपाय सोपा आहे आणि तो फॉरमॅटमध्येच आहे: प्रत्येक ओळीची सुरुवात काम टाकल्याच्या तारखेने करायची. आकडे इंग्रजी अक्षरांच्या आधी येतात, त्यामुळे क्रम परत नीट बसतो, आधी कंस, मग तारीखवाली राहिलेली, मग एक्सवाली. वर फायदा असा की सगळ्यात जुनं लोंबकळत पडलेलं काम आपोआप वर येतं आणि रोज तोंड दाखवतं. टुडू डॉट एसएच म्हणून जी मूळ कमांडवाली स्क्रिप्ट आहे तिच्या सेटिंगच्या फाईलमध्ये हे एकदा चालू केलं की तारीख ती स्वतःच टाकते, बहुतेक ॲपमध्ये पण तशी सोय असते. मराठीत यादी ठेवणार असाल तर हे पहिल्या दिवशी करा, ऐच्छिक समजू नका.

दुसरी गंमत शोधण्यात. डिसेंबरच्या हप्त्याच्या आधी मी फाईलमध्ये ॲडव्हान्स असं शोधलं तर निम्मीच कामं आली. बाकीची समोर दिसतायत डोळ्याला, पण शोधात येत नाहीत. झालं असं होतं की फोनचा कीबोर्ड ॲ हे एकच अक्षर म्हणून टाकतो आणि ऑफिसातल्या एका मशीनवर अ टाकून त्याच्यावर चंद्र जोडला जातो. दिसायला सारखंच, कॉम्प्युटरला वेगवेगळं. दुसऱ्या, तऱ्हा यातल्या अर्ध्या र चं पण तसंच, दोन पद्धतीने टाइप होतो. चांगली मोठी सॉफ्टवेअर हे आतल्या आत जुळवून घेतात, साधी टेक्स्ट फाईल आणि साधा शोध नाही घेत. मी आता सरळ "डव्हान्स" एवढंच शोधतो. हसू नका, चालतंय.

आणि कीबोर्ड. मराठीत टाइप करत असताना एक्स, ए, ड्यू, यासाठी दर वेळी इंग्रजीत उडी मारायला लागते. इनस्क्रिप्टवाल्यांना (म्हणजे थेट मराठी कीबोर्डवर टाइप करणाऱ्यांना) हे जास्त जाचतं, इंग्रजी स्पेलिंगने मराठी उमटवणाऱ्या ट्रान्सलिटरेशनवाल्यांना पण आहेच. फोनवर ॲपमध्ये प्रायॉरिटीचं बटण असतं, झालं म्हणून टिक करायची सोय असते, त्यामुळे तिथे हा त्रास जवळजवळ जातो. नुसत्या नोटपॅडमध्ये करणार असाल तर सवय होईस्तोवर चिडचिड होईल.

नोटपॅडवरून आठवलं, जुन्या विंडोजवर असाल तर फाईल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे का ते बघा. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ धरतं, त्याच्या आधी एएनएसआय धरायचं आणि त्यात मराठी सेव्ह केलं की नुसती प्रश्नचिन्हं. आणि जे अजून श्रीलिपीत (जुने, युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट) टाइप करतात त्यांना हे चालणारच नाही, टेक्स्ट फाईलमध्ये फॉन्ट साठवलाच जात नाही, त्यामुळे तुमचं "बँकेत जाणे" हे उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडला या आता, किती वर्षं झाली. (आणि नोटपॅडमध्ये सुद्धा आता एआय घुसलंय हे बघितलं असेलच. एक साधी वस्तू साधी राहू देतील तर शपथ.)

आता कुठला प्रोग्राम वापरायचा. फाईल एकच, उघडणारे पुष्कळ, ही याची खरी मजा आहे. मी सगळे नाही वापरले, जे वापरले त्यांचं सांगतो.

कॉम्प्युटरवर स्लीक. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. उघडलं की टॅगप्रमाणे डाव्या बाजूला चाळण्या दिसतात, +किराणा वर क्लिक केलं की फक्त किराणावाल्यांची कामं. माझ्या ताईंना कमांड वगैरे भानगड नको होती, त्यांना हेच आवडलं. जुन्या मशीनवर जरा जड जातं, एका टेक्स्ट फाईलसाठी एवढी मेमरी कशाला खातं असं वाटतं, पण दिसायला नीटनेटकं आहे आणि मराठी फॉन्ट व्यवस्थित दाखवतं.

फोनवर सिंपलटास्क. एफ-ड्रॉइडवर (ओपन सोर्स ॲपचं फुकट दुकान) मिळतं, अँड्रॉइडपुरतं. रूप बघून वाटेल दहा वर्षांपूर्वीचं आहे, पण आत एवढं भरलंय की विचारू नका. फिल्टर बनवून सेव्ह करता येतात, त्याचं विजेट होम स्क्रीनवर ठेवता येतं. माझ्याकडे एक विजेट फक्त @फोन चं आहे, कुणाकुणाला फोन करायचे तेवढेच दिसतात, रिक्षात बसलो की ते उघडतो आणि एकेक उडवत जातो. ड्यू तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकायची पण सोय आहे, म्हणजे ज्यांना वाजायला पाहिजे त्यांचं थोडंफार भागतं. थोडंफारच म्हणतोय, तारीख वाजते, साडेअकराला आठवण कर असलं काही होत नाही. सेटिंग्ज मात्र जंगल आहे, पहिल्यांदा जाताना रस्ता चुकणारच.

मार्कर म्हणून अँड्रॉइडचा एक टेक्स्ट एडिटर आहे, त्याला हा फॉरमॅट कळतो, ज्यांना नोट्स आणि यादी एकाच ठिकाणी पाहिजेत त्यांनी तो बघावा. मला यादीसाठी तो तोकडा वाटला.

आणि मग मूळची ती स्क्रिप्ट, टुडू डॉट एसएच. लिनक्स किंवा मॅकवर सरळ चालते, विंडोजवर गिट बॅश किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्सच्या कमांड चालवायची सोय) टाकायला लागतं. काळ्या खिडकीत टाइप करायची भीती नसेल तर हिच्यासारखी वेगवान गोष्ट नाही. ॲड लिहून काम टाकलं, एलएस लिहून यादी बघितली, एलएस पुढे मेडिकल लिहिलं की तेवढीच. डू लिहून नंबर दिला की काम झालं, आणि ओळ तिथून उचलून डन डॉट टीएक्सटी नावाच्या दुसऱ्या फाईलमध्ये जाते. इथे एक खाच आहे ती लक्षात ठेवा: काम उडालं की खालच्या सगळ्या ओळींचे नंबर एकने वर सरकतात. म्हणजे तुम्ही यादी बघितली, ५ आणि ७ झालंय, आधी ५ उडवलं आणि मग त्याच जुन्या यादीत बघून ७ उडवलं, तर प्रत्यक्षात आधीचं ८ उडतं. दोन्ही नंबर एकाच कमांडमध्ये द्यायचे, मग नीट होतं. आमच्यासारख्या धंद्यात भलत्याच माणसाचं रिटर्न "भरलं" म्हणून उडालं तर काय होईल याचा विचार करा. लेट फी दिवसाप्रमाणे चढते.

दर महिन्याला परत येणारी कामं हा आमचा जीव की प्राण, आणि मूळ फॉरमॅटमध्ये त्याची सोयच नाही. सरळ सांगायचं तर ही मोठी उणीव आहे. लोकांनी मग स्वतःच्या अकलेने आरईसी नावाचा जोड काढला, सिंपलटास्कला, स्लीकला आणि टोपीडू नावाच्या कमांडवाल्या प्रोग्रामला तो कळतो, मूळ स्क्रिप्टला नाही. आरईसी, कोलन, मग १एम लिहिलं की दर महिन्याला. पण थांबा. नुसतं १एम लिहिलं तर पुढची तारीख तुम्ही काम ज्या दिवशी केलंत तिथून मोजतात. मी २० तारखेचं ३बी शहाण्यासारखं १६ लाच भरलं, तर पुढच्या महिन्यात ते १६ ला येऊन बसतं, त्याच्या पुढच्या महिन्यात १४ ला भरलं तर १४ ला. केस कापायला, एसी साफ करायला हे ठीक आहे, सरकारी तारखांना नाही. तिथे १एम च्या आधी + लावायचं, मग मोजणी ड्यू तारखेपासून होते आणि २० ची २० च राहते. तिमाहीवाल्यांना +३एम.

तरी सरकार म्हटल्यावर अपवाद आलाच. टीडीएस दर महिन्याच्या ७ ला, पण मार्चमध्ये कापलेला ३० एप्रिलपर्यंत भरता येतो, ते यात बसवता येत नाही. एप्रिलची ओळ मी हाताने बदलतो. आणि मुदतवाढ आली की सगळ्यांच्याच तारखा हाताने बदलायच्या, तिथे मात्र टेक्स्ट फाईलचं सुख कळतं. एडिटरमध्ये फाइंड-रिप्लेस, जुनी तारीख, नवी तारीख, एका झटक्यात सगळे क्लायंट. चकचकीत ॲपमध्ये हेच एकेक काम उघडून, कॅलेंडर उघडून, तारीख निवडून, सेव्ह करून. करून बघा कधी ३१ जुलैच्या रात्री.

अजून एक जोड आहे, टी कोलन तारीख, म्हणजे या तारखेपर्यंत हे काम मला दाखवूच नको. पुढच्या महिन्याची कामं आजच डोळ्यासमोर नाचत राहिली की आजची होत नाहीत, म्हणून मी २० च्या ३बी ला टी १२ तारखेचा ठेवतो. ११ ला जीएसटीआर १ संपलं की दुसऱ्या दिवशी ३बी ची पलटण हजर.

फोन आणि कॉम्प्युटरची फाईल सारखी ठेवायला ड्रॉपबॉक्स, नेक्स्टक्लाऊड, सिंकथिंग काहीही चालतं. मी सिंकथिंग वापरतो कारण त्यात फाईल कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसत नाही, क्लायंटची नावं असतात शेवटी. पण दोन ठिकाणी एकाच वेळी बदल केला तर हे सगळेच गोंधळतात आणि एक "कॉन्फ्लिक्ट" लिहिलेली दुसरी फाईल बनवून ठेवतात. काही हरवत नाही, पण दोन्ही फाईली शेजारी ठेवून कुठली ओळ कुठे कमी आहे हे आपणच बघायचं. एका माणसाला हे क्वचित होतं. चारजणांच्या ऑफिसात सगळ्यांनी एकाच फाईलवर लिहायचं ठरवलं तर दिवसाआड होईल. आम्ही त्यावर तोड काढली, ताईंची फाईल वेगळी, माझी वेगळी, मी त्यांची बघू शकतो पण त्यात लिहीत नाही, काही सांगायचं असलं तर तोंडाने सांगतो. मोठ्या टीमला, कोणी कुणाला काम दिलं, कोणी वाचलं असलं पाहिजे असेल तर हे सोडा आणि सरळ पैसे भरून काहीतरी घ्या.

कामाखाली उपकाम पण नाही. फोटो, पीडीएफ जोडता येत नाही. लांबलचक टीप लिहायची तर तीही एकाच ओळीत, मग ती ओळ मालगाडी होते. ऑडिटच्या कामाला हे अपुरं पडतं, तिथे मी एक्सेलच वापरतो आणि यादीत फक्त "+हार्डवेअर ऑडिट शीट बघणे" एवढीच ओळ.

प्रायॉरिटी ए पासून झेड पर्यंत देता येते. कृपया देऊ नका. ए म्हणजे आज झालंच पाहिजे, बी म्हणजे या आठवड्यात, बाकी सगळं बिनअक्षराचं. सी च्या पुढे गेलात की रोज सकाळचा अर्धा तास अक्षरं लावण्यातच जातो, कामं तिथेच.

डन डॉट टीएक्सटी बद्दल मात्र कोणी बोलत नाही आणि माझ्या मते सगळा पैसा तिथे वसूल आहे (फुकट आहे, तरी). झालेलं प्रत्येक काम तारखेसकट तिथे साठत जातं. मार्च संपला की फीची बिलं करायची, तेव्हा मी ती फाईल उघडतो आणि +किराणा शोधतो. कुठल्या दिवशी रिटर्न भरलं, कधी नोटीसला उत्तर दिलं, कधी बँकेसाठी प्रोजेक्शन करून दिलं, कधी त्यांच्या मुलाच्या एज्युकेशन लोनचे कागद बघून दिले, सगळं ओळीने खाली. आमच्याकडे दुकानदाराला वर्षाची बारा रिटर्न दिसतात आणि मधली पन्नास कामं दिसत नाहीत, त्यात त्याचा दोष नाही, ती दिसायचं काही साधनच नसतं. आता बिलासोबत त्याच्या नावाच्या ओळींची प्रिंट जोडतो. परवा एक जुने काका बिल बघून नेहमीसारखे म्हणाले, "एवढे कसले हो?" मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला, मधे एका ओळीवर बोट ठेवून "हे तर मी विसरलोच होतो" म्हणाले, आणि मग तरी पाचशे रुपये कमी करून घेतलेच. पण आधी ते दोन हजार कमी करायचे.